धरणातला मासा

पाटबंधारे खात्याच्या भाषेत ‘मृतसाठा’ असा एक शब्द आहे. धरणाच्या कालव्याचे तोंड ज्या उंचीवर असते तिच्याही खाली जे पाणी उरते, जे कालव्यात उतरून शेतापर्यंत कधीच येऊ शकत नाही, ते मृत. गिरणा धरणात २१,५०० दशलक्ष घनफूट पाणी मावते असे धरतात. त्यांपैकी ३,००० मृत. चैत्र संपून वैशाख लागला की वर्तमानपत्रात ‘धरण मृतसाठ्याकडे’ असा मथळा येतो आणि गिरणेच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या गावांच्या पोटात गोळा उठतो. नेमक्या त्याच दिवसांत धरणाच्या काठी काही माणसे खुशीत असतात. कारण खात्याने ज्याला मृत म्हटले, मासा त्यातच जिवंत असतो. पावसाळ्यानंतर कोसच्या कोस पसरलेल्या पाण्यात तो विखुरलेला असतो, आणि जाळे टाकणाऱ्याला दिवस दिवस रिकाम्या हाती परतावे लागते. उन्हाळ्यात पाणी आटत आटत मधल्या खोलगटात येते आणि मासाही त्याच्याबरोबर तेथे येतो.

हा खोलगट भाग म्हणजे दुसरेतिसरे काही नसून जुनी नदीच होय. भिंत बांधली म्हणून नदीचे पात्र काही पुसले जात नाही. ते पाण्याखाली तसेच वळणे घेत पडून राहते, आणि त्यातले डोहही तसेच राहतात. थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून हाताने पाणी मारीत जाळे लावणारे एक वृद्ध भोई मला एकदा म्हणाले, “गुर्जी, नदी मरनी नही. खाले शे.” त्यांनी मला पाण्यावरच बोट फिरवून दाखवले: इथे वळण, इथे खडक, इथे गावाचा पाणवठा, इथे डोह. मला तर सगळीकडे सारखेच सपाट पाणी दिसत होते. त्यांचे जाळे मात्र त्या न दिसणाऱ्या नदीच्या आडवे लागते, आणि म्हणूनच भरून येते.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हेच काम निराळ्या रीतीने चालते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील धरणांत कोकनी नावाचा सामन जातीचा मासा आहे. आपल्या कोकणाशी त्याचा काही संबंध नाही, नाव तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले आहे. सामन म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा मासा. कोकनी हा त्याचा असा भाऊबंद की जो समुद्राला मुकला आणि सारा जन्म गोड्या पाण्यातच काढू लागला. त्याला थंड पाणी लागते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खालच्या गार थरात उतरतो. मग हौशी लोक होडी अगदी संथ चालवतात आणि वजन बांधलेली दोरी हव्या त्या खोलीवर सोडून, चकाकणारी पत्र्याची चकती व आमिष मागे ओढत नेतात. मासा किती हातांवर आहे हे सांगणारी यंत्रे होडीवर असतात. आमच्या भोयाजवळ यंत्र नाही, आणि आमच्या माशाला गारव्याची तेवढी चैनही नाही. पण दोघांचा प्रश्न एकच: उन्हाळ्यात मासा खाली गेला, तो नेमका कोठे?

मला मात्र याच्या मागचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. हा मासा धरणात आला कोठून? धरण माणसाने केले, हे आपण पाहतोच. मासाही माणसानेच आणून घातला, हे जेवणाऱ्याच्या ध्यानी नसते.

धरणापूर्वी या मुलखात मासा नव्हता असे नाही. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी सायक्स नावाच्या एका लष्करी इंग्रजाने केली. ती १८३९ च्या सुमारास लंडनला प्रसिद्ध झाली. हा गृहस्थ आपल्याकडच्या नद्यांच्या काठी हिंडला, मासे पाहिले, आणि नवी लॅटिन नावे देताना त्याने एक चांगली गोष्ट केली. कित्येक ठिकाणी येथलेच मराठी नाव उचलून त्याला लॅटिनच्या रांगेत बसवले. शिंगटीची झाली ‘सींगटी’, मळ्याचा झाला ‘मुल्या’, कोळशीचा ‘कोलस’, आणि मुळा-मुठेतल्या खडचीची ‘खुद्री’. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात या माशांवर लिहायचे तर ही नावे घ्यावी लागतात. मराठी शब्दांना इतका लांबचा प्रवास फारसा घडलेला नाही.

हे सारे वाहत्या पाण्याचे मासे. कोणी खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा, कोणी पुराबरोबर वर चढून रेतीत अंडी घालणारा. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठी भोई, कोळी आणि भिल्ल यांचे पोट त्यांच्यावर चाले. उन्हाळ्यात नद्या तुटून त्यांचे डोह होत, आणि प्रत्येक डोहाचे नाव, खोली व स्वभाव ठाऊक असलेली माणसे काठावर असत. भिल्ल लोक झाडपाल्याचा रस पाण्यात सोडून मासा गुंगवीत. १८९७ च्या मत्स्य कायद्याने विष आणि सुरुंग या दोहोंनाही एकाच दमात बंदी केली. सुरुंग डोहाचा सत्यानाश करतो, हे खरेच. पण झाडपाला आणि दारू यांना एकाच पंगतीला बसवणाऱ्याने डोह जवळून पाहिला असेल, असे मला वाटत नाही.

मग धरणे आली. गिरणेच्या उगमाकडे चणकापूरचे धरण १९११ सालचे. नांदगाव तालुक्यातले मोठे गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. उकाईची भिंत १९७२ साली गुजरातेत उभी राहिली, पण तिचे पाणी नंदुरबारच्या मुलखापर्यंत मागे सरकले. भुसावळजवळ तापीवर एक्केचाळीस दरवाजांचे हतनूर १९८२ साली झाले. आमच्या एरंडोलला अंजनीवरचे धरण लाभले. या धरणांनी खानदेशला काय दिले ते मी शेतकऱ्यांच्या गावात राहून सांगण्याची गरज नाही. केळीची बाग ते रोज सांगते.

पण वाहत्या पाण्याच्या माशाला साचलेले पाणी मानवले नाही. वर चढण्याची वाट भिंतीने अडवली, रेती गाळाखाली गेली. मरळ, वाम, शिंगटी यांसारखे चिवट मासे टिकले, बाकीचे विरळ झाले. एवढे मोठे पाणी रिकामे कसे ठेवायचे, म्हणून बाहेरून मासा आणण्याचे ठरले, आणि तो आला गंगेच्या मुलखातून: कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांची भांडणे नाहीत. एकत्र कुटुंबाचा असा आदर्श माणसांतही आता मिळत नाही.

अडचण एकच होती. हे त्रिकूट साचलेल्या पाण्यात वाढते झपाट्याने, पण सहसा वीत नाही. त्याला विण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पावसाळ्यात बंगालच्या नद्यांतून कोवळी पिल्ले गाळून घेत, मडक्यांत भरत आणि आगगाडीने दूरदूर पाठवत. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून सोबतचा माणूस वाटभर मडकी हलवीत बसे. त्या पिल्लांत भलत्याच जातींचीही भेसळ असे. रोहू म्हणून वाढवावे आणि रोहूलाच खाणारा निघावा. हा घोर मिटवला हिरालाल चौधुरी या बंगाली शास्त्रज्ञाने. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे त्यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यातच या जातींची वीण करून दाखवली. आजही तो दिवस देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. इतक्या माणसांच्या ताटावर परिणाम करणारा हा प्रयोग आमच्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी आढळला नाही.

तेव्हापासून धरणातला मासा हे पीक झाले. त्याची भाषासुद्धा शेतकऱ्याचीच आहे. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले ती मत्स्यजिरे, कारण ती जिऱ्याएवढी. बोटाएवढी झाली की बोटुकली. सगळ्यांना मिळून मत्स्यबीज. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली येते, धरणात सोडतात आणि पुढे काढणी. पण पीक म्हटले की बियाण्याचा खर्च आला, खर्च म्हटला की मालक आला. नदीला मालक नव्हता. धरणाला आहे. मासेमारीचा हक्क सरकार ठेक्याने देते, त्यात मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रहक्क आहे, आणि हा नियम चांगला आहे. परंतु बोटुकलीचे पैसे, ठेक्याची रक्कम, जाळी, बर्फ यांची तजवीज ज्याच्या खिशातून होते, त्याच्याच वजनकाट्यावर मासा जातो. संस्था भोयांची आणि नफा भलत्याचा, हे गाऱ्हाणे मी एकाहून अधिक धरणांच्या काठी ऐकले आहे. ज्याच्या आजाने डोहात विचारल्याशिवाय जाळे टाकले, तो नातू आता त्याच डोहावर, वर चाळीस हात पाणी असताना, रोजाने मासा काढतो.

असे झालेच पाहिजे, असे मात्र नाही. नर्मदेची उपनदी तवा, तिच्यावरच्या धरणाने जी आदिवासी गावे उठवली, त्यांच्या सहकारी संघाला मध्य प्रदेश सरकारने १९९६ साली मासेमारीचा हक्क दिला. मासा पकडणारे, मोजणारे आणि विकणारे तेच. दहा वर्षे त्यांनी तो कारभार चालवून दाखवला. २००६ नंतर हक्क पुढे चालू ठेवला गेला नाही. चाललेली गोष्ट का थांबवावी, हे मला अजून कळलेले नाही.

बाहेरून मासा आणून घालणे हे तसे जुगारासारखेच आहे. अमेरिकेत मोंटाना प्रांतातील फ्लॅटहेड सरोवरात १९१६ साली कोकनी आणून सोडला. तो इतका फोफावला की अंडी घालून मरणाऱ्या माशांवर ताव मारायला एका ओढ्यावर शरद ऋतूत सहाशेंवर गरुड जमू लागले, आणि ते पाहायला माणसे. पुढे कोकनीला आणखी खाद्य मिळावे म्हणून वरच्या तळ्यांत एक बारीकशी कोळंबी सोडली. ती वाहत खाली सरोवरात पोचली. दिवसा ती तळाशी दडे, जेथे कोकनी तिला खाईना. रात्री वर येऊन कोकनीचेच खाद्य फस्त करी. १९८७ च्या सुमारास कोकनी संपला, आणि त्याच्यामागून गरुडही गेले.

हे परक्यांचे म्हणून सोडून देता येत नाही. आपली खडची घ्या. धरणांमुळे ती दुर्मिळ होत चालली, म्हणून लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात तिची कृत्रिम वीण सुरू केली. काम निष्ठेने झाले. या मराठी माशाचा वंश त्यामुळे सावरला, हे निर्विवाद. त्या केंद्रातली पिल्ले देशभर गेली, कावेरीतही गेली. कावेरीत तिचाच एक आडदांड, पाठीवर कुबड असलेला चुलता पूर्वापार राहत होता. खडची तेथे रुजली, आणि तो मागे हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख नीट पटली, त्याच वर्षी अत्यंत संकटग्रस्तांच्या यादीत त्याची नोंद झाली. गंगेच्या कटल्याने आमच्याकडे येऊन आमच्या माशाची जागा घेतली म्हणून हळहळणाऱ्याने, आमची खडची कावेरीत काय करून बसली, तेही बोलले पाहिजे. दोन्हीकडे हात माणसाचाच. मासा बिचारा जेथे सोडाल तेथे पोट भरतो.

आणि तरी कटला वाईट असे मी म्हणणार नाही. एरंडोलच्या बाजारात तो आला की गरिबाच्या घरी एक दिवस बरा जातो, आणि हे पोषण स्वस्त आहे. चिलापीबद्दल मात्र माझे मत इतके उदार नाही. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला. तो साचलेल्या पाण्यातच वितो, वर्षातून अनेकदा वितो, आणि एकदा शिरला की घरजावयासारखा हलत नाही.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी ठाऊक असलेल्या माशांची नावे पाटीवर लिहायला सांगितली. कटला, रोहू, चिलापी. बहुतेक पाट्या एवढ्यावर थांबल्या. एका मुलाने, ज्याचा आजा गिरणेवर जाळे टाकीत असे, अकरा नावे लिहिली. त्यांत शिंगटी होती, कोळशी होती, मळ्या होता. मी सायक्सने दिलेले मळ्याचे लॅटिन नाव फळ्यावर रोमन अक्षरांत लिहिले आणि त्याला वाचायला लावले. त्याने ते अडखळत वाचले, ओळखले आणि हसला. त्या साहेबाने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवले, असे मी सांगितले. तो थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “गुर्जी, त्या सायेबले हाई नाव कोनी सांगं व्हई?”