जुनाट हेपॅटायटिस सी : उपद्रव व सहव्याधी

हेपॅटायटिस सी विषाणूचा (शोध १९८९) संसर्ग सहा महिन्यांहून अधिक टिकला, तर तो जुनाट मानतात. अशा रुग्णांपैकी सुमारे १५ ते ३० टक्क्यांना २० वर्षांत सिऱ्होसिस होतो. पुढे जलोदर, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव व यकृताचा कर्करोग संभवतो. मद्यपान, एचआयव्ही किंवा हेपॅटायटिस बी यांची जोड असल्यास यकृत लवकर निकामी होते.

यकृताबाहेरचे उपद्रव मात्र पुष्कळदा ओळखूच येत नाहीत. त्यांतील ठळक उपद्रव मिश्र क्रायोग्लोब्युलिनेमिया हा होय. यात रक्तातील काही प्रतिपिंडे थंडीत साकळतात आणि त्यांच्या साठ्यामुळे लहान रक्तवाहिन्यांचा दाह होतो. नडगीवर जांभळट पुरळ उठते. ते बोटाने दाबले तरी फिके पडत नाही. सांधे दुखतात, तळपायांना मुंग्या येतात, क्वचित मूत्रपिंडेही बिघडतात. चाचणीसाठी काढलेले रक्त द्रव वेगळा करेपर्यंत ३७ अंश सेल्सियसला ठेवावे लागते. नमुना वाटेतच थंडावला, तर ही प्रथिने गुठळीबरोबर निघून जातात आणि अहवाल खुशाल ‘दोष नाही’ असा येतो.

प्रकार २ चा मधुमेह, लायकेन प्लॅनस व काही लिम्फोमा यांचाही या संसर्गाशी संबंध आहे.

आताच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण साधारण १२ आठवड्यांत विषाणुमुक्त होतात. मात्र त्या सुरू करण्यापूर्वी हेपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण सी हटताच दबलेला बी उसळू शकतो. सिऱ्होसिस झालेल्यांना बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.