काजळी, डिंक आणि मिरजेच्या लक्ष्मीबाई



मागच्या दिवाळीला पुण्याच्या सुनेने मला शाईने चित्रं काढायचा संच आणला. "आई, तुमची रांगोळी एवढी छान असते, हे सहज जमेल," म्हणाली. शाईची काळी कांडी, ती पाण्यात उगाळायला दगडी ताटली आणि एक कुंचला. चीन-जपानात नवशिक्याला आधी बांबू काढायला लावतात. माझा बांबू उसासारखा दिसायचा. शाई एकदा टेकली की खोडता येत नाही. बी.कॉम.ला शिकलो होतो की चोपडीत खाडाखोड करायची नाही, चूक आडव्या रेघेने कापून शेजारी बरोबर आकडा लिहायचा. इथं तीही सोय नाही.

महिनाभराने नातवाने मोबाईलवर वाचून सांगितलं, "आजी, या कांडीत काजळी जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसाने बांधतात." हात थांबला. संच कपाटात गेला, पण कागदावर शाई पसरताना बघायची चटक काही जाईना.

मग आठवलं, आपल्या जुन्या पोथ्याही काळ्या शाईच्याच की! ती शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि झाडाचा डिंक. करडईच्या तेलाचा दिवा लावून वर पितळी ताट उपडं धरलं. रात्री किडे येतात, म्हणून हे काम भर दुपारी, खिडक्या लावून केलं. मुखेडच्या मे महिन्यात ते कसं झालं असेल ते विचारू नका. बाभळीचा डिंक भिजवून गाळला आणि काजळीबरोबर खलात घोटला. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या, दुसऱ्या खेपेला डिंक जास्त होऊन वाळलेल्या रेघेला तडे गेले. तिसऱ्या खेपेला चार दिवस घोटली तेव्हा जमली. कुंचला नायलॉनचा घेतला. (जुने चित्रकार खारीच्या शेपटीचे केस वापरत, हेही खरं. सगळं जुनं ते निर्दोष, असं नाही.)

शाई घोटताना मनात सारख्या लक्ष्मीबाई येत होत्या. श्रुतपंचमीला आपण षट्खंडागमाची पूजा करतो. त्यावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शेकडो वर्षं फक्त मूडबिद्रीला होत्या, जुन्या कानडी लिपीत. यात्रेकरूंनी लांबून दर्शन घ्यायचं, एवढंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली, तेव्हा 1896 च्या सुमारास नक्कल सुरू झाली. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय लिहायला बसले. काम वर्षानुवर्षं चाललं. पण ती नक्कलही मूडबिद्रीबाहेर न्यायची परवानगी नव्हती!

गजपतींनी गुपचूप आणखी एक नक्कल कानडी लिपीत केली, ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने. बाई शिकलेल्या, विदुषी होत्या. एक पान लिहायला मला सकाळ पुरत नाही आणि धवला हजारो श्लोकांची. घरचं सगळं आवरून त्या कधी लिहायला बसत असतील?

ही नक्कल घेऊन गजपती आधी सोलापूर-मुंबईच्या शेठांकडे गेले. ज्यांनी एवढी खटपट केली होती, त्यांनीच ती घ्यायला नकार दिला, कारण ती विनापरवाना केलेली होती. शेवटी ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी घेतली. तिथे तिची नागरी प्रत करताना सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठी एक ठेवून घेतली आणि तिच्यावरून झालेल्या नकला आपल्या कारंज्यापर्यंत पोचल्या. अशा नकला जुळवून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून 1939 साली धवलेचा पहिला खंड छापला आणि 1958 पर्यंत सोळा खंड पुरे केले.

आमचे हे म्हणाले, "म्हणजे चोरीच की. अचौर्य व्रताचं काय?" मी दोन दिवस त्यावर विचार केला. शेठांनी नकार दिला तो बरोबरच होता, दिलेला शब्द त्यांनी पाळला. तरी लक्ष्मीबाईंना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी मूळ पान उचलून नेलं नाही, मूडबिद्रीचं एक अक्षर कमी झालं नाही. ताडपत्र कसरीने खाल्लं असतं तर त्याचा दोष कोणाला लागला असता? यावर यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तुमचं मत काय, तेही मला ऐकायचं आहे.

यंदाच्या श्रुतपंचमीला मी घरच्या शाईने णमोकार मंत्र लिहिला आणि कडेला बांबूऐवजी कमळ काढलं. तिसऱ्या ओळीवर थेंब पडला. तो तसाच ठेवला आहे.