पोटखराबा

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द तुम्ही पाहिला असेलच. पिकाच्या कामाची नाही ती जमीन. आमच्या माण तालुक्यात अशी जमीन भरपूर. लहानपणापासून तिच्याबद्दल एकच वाक्य ऐकत आलोय, "पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं म्हणून हा ओसाड माळ उरला." घाटात हे खरं असेल, कोकणातही असेल. पण आमच्या माळाबद्दल मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

आधी पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत दहिवडी, आणि तिथे पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने ढग आधीच पिळून घेतलेले असतात. तिकडे जांभूळ, अंजन, हिरडा आणि शेकरू, इकडे कुसळी, पवना, मारवेल, मधूनच एखादी बाभूळ नाहीतर हिवर, आणि लांडगा, खोकड, काळवीट. तेच राज्य, तोच बेसाल्टचा खडक, पण संसार दोन!

गवताची एक गंमत आहे. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे मेंढी वरून चरून गेली किंवा वणवा फिरला तरी ते पुन्हा फुटतं. त्याला हवं असतं ते ऊन. सावली पडली की संपलं. काळविटाचंही तसंच. त्याचा भरवसा लपण्यावर नाही, लांबून बघण्यावर आणि धावण्यावर. दाट झाडीत तो आंधळाच म्हणायचा. माळढोक तर उघड्या जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच.

आता इतिहास. (इथून पुढे आमचे काका चहा घेऊन बसतील.) चाळीसगावजवळच्या पाटणे इथे 1970च्या दशकात उत्खनन झालं, त्यात शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली. एका तुकड्यावर तर माणसाने कोरलेली नक्षी आहे. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! शहामृग काही घनदाट जंगलात राहात नाही. म्हणजे कुऱ्हाड आणि नांगर यायच्या कितीतरी आधी इथे मोकळं रान होतं. त्याहून मागे जायचं तर शिवालिकच्या जीवाश्मांवरून दिसतं की आपल्या उपखंडात ही उन्हाळी प्रदेशांतली गवतं सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरायला लागली होती.

दुसरा पुरावा आपल्या भाषेतला आहे, आणि मला तो जास्त आवडतो. 2025 साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकपरंपरेतले झाडांचे उल्लेख गोळा केले, अगदी तेराव्या शतकापासूनचे. त्यात मोकळ्या, काटेरी माळावरची झाडंच जास्त निघाली. मला नवल वाटलं नाही. आपल्या गावांची नावं बघा ना: बोरगाव, बाभूळगाव, हिवरे, खैरगाव. नावं ठेवणाऱ्याने जे दिसलं तेच ठेवलं.

मग 'ओसाड' कुठून आलं? माझ्या मते महसुलातून. 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची पाहणी सुरू केली आणि तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीची किंमत सारा किती येतो यावर. लाकूड देणारं ते जंगल, धान्य देणारं ते शेत, उरलं ते पडीक. धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या जिथे चरल्या ती जागा कागदावर रिकामी झाली. इंग्रज गेले, पण कागद राहिले. आजही सरकारी नकाशांत झुडुपी माळ 'पडीक जमीन' या सदरात सापडतो.

त्याचा हिशेब जनावरांनी चुकवला. चित्ता 1952 साली देशातून नामशेष जाहीर झाला. कोल्हापूर संस्थानात तर शिकारीसाठी पुढे आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले होते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं, कागदावर तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग बसला. पुढे ते क्षेत्र 1,222 वर आणलं. आता तिथे माळढोक दिसणं म्हणजे बातमी. त्यापेक्षा कर्जतचं रेहेकुरी बघा, 1980 सालचं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर, पण काळवीट आहे. मोठ्या आकड्याने काही होत नाही, गवत राखलं तर होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण घरचंच आहे. आजोबांच्या स्मरणार्थ गावच्या माळावर पाचशे झाडं लावायची, असं आपल्या ग्रुपवर ठरत आलंय. भावना मला कळते, वर्गणीही देईन. पण तात्या, खड्डे माळावर नकोत. ग्लिरिसिडिया तर नकोच. त्याच्या सावलीत गवत मरेल, आणि दिवाळीनंतर येणारा धनगरांचा वाडा उतरायचा कुठे? झाडं ओढ्याकाठी लावू, शाळेच्या आवारात लावू, तिथे ती जगतीलही. माळावर काही करायचंच असेल तर दोन वर्षं एक तुकडा चराईला आळीपाळीने बंद ठेवू आणि काय उगवतं ते बघू. धनगरांना विचारूनच. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आजोबांनी स्वतः त्या माळावर कधी एक झाड लावलं नव्हतं, हेही आठवून बघा. मेंढरं मात्र चाळीस होती.