उंदरांतील प्रतिपिंड-प्रतिसादाचे संशोधन : परळ ते वऱ्हाड – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वर्धा नदीच्या तीरावरील कौंडण्यपूर हे गाव परंपरेने रुक्मिणीचे माहेर मानले जाते. आषाढी वारीसाठी येथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. जुलै २०२१ मध्ये मात्र शासनाने परवानगी दिलेल्या दहा मानाच्या पालख्यांपैकी एक म्हणून ही पालखी एस.टी. बसने, मोजक्या वारकऱ्यांसह गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमरावती शहरात कोरोनामुळे पुन्हा टाळेबंदी लावावी लागली होती. लसीमुळे शरीरात 'अँटीबॉडी' म्हणजे प्रतिपिंडे तयार होतात, हे वाक्य त्या काळात गावोगावी ऐकू येत होते. हे ज्ञान मोठ्या प्रमाणात प्रयोगशाळेतील उंदरांवर उभे राहिले आहे. महाराष्ट्रातील साथींचा इतिहास लिहिताना १८९७ चा पुण्यातील प्लेग आणि रँड प्रकरण यांवर जितका भर दिला जातो, तितका या ज्ञानाच्या इतिहासावर दिला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचा संक्षिप्त आढावा घेण्याचा प्रयत्न केलेला आहे.

कैदी ते उंदीर :
ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगचे जंतू मारून लस तयार केली. सशांवरील प्रयोगांनंतर १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता तेथील कैद्यांना लस देण्यात आली. या कैद्यांनी लस स्वेच्छेने घेतल्याचे सांगितले जाते. परंतु बंदिवानाच्या स्वेच्छेला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या. प्रारंभी दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. हाफकिन यांची निर्दोषता मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. लस निर्जंतुक आहे काय, याइतकाच ती किती समर्थ आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा होता.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे कार्य साहिबसिंग सोखी यांनी केले. १९३२ मध्ये ते हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक झाले. लस दिलेल्या पांढऱ्या उंदरांना प्लेगचे जहाल जंतू टोचावयाचे आणि त्यांपैकी किती वाचतात यावरून लसीचे सामर्थ्य ठरवावयाचे, ही पद्धत त्यांच्या काळात परळला विकसित झाली. तुरुंगातील माणसाची जागा अशा रीतीने उंदराने घेतली. नैतिकदृष्ट्या ही मोठी प्रगती होती.

साहाय्यक द्रव्ये :
शुद्ध केलेली लस अनेकदा दुर्बल ठरते, हे याच सुमारास युरोपात लक्षात आले होते. १९२५ मध्ये फ्रान्सच्या गास्तों रामों यांना घोड्यांमध्ये टॅपिओकासारख्या पदार्थांमुळे, तर १९२६ मध्ये इंग्लंडच्या ग्लेनी यांना तुरटीमुळे प्रतिपिंडे वाढलेली आढळली. अशा द्रव्यांना ॲड्ज्युव्हंट म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने अलग केलेल्या विषाणूपासून भारत बायोटेकने तयार केलेल्या कोव्हॅक्सिनमध्येही ॲल्युमिनियमच्या क्षारावर आधारित साहाय्यक द्रव्य आहे. त्याला प्रतिकारपेशींना जागृत करणाऱ्या एका रेणूची जोड दिलेली आहे. ही लस माणसांना देण्यापूर्वी उंदीर, मोठे उंदीर (रॅट) व ससे यांच्यावर तपासण्यात आली. त्या रेणूमुळे उंदरांतील प्रतिपिंडांचा प्रकार इष्ट दिशेने बदलल्याचे दिसले. तथापि, ज्या 'आयजीजी-२ए' उपप्रकारावरून हा निष्कर्ष काढला जातो, तो मानवी शरीरात नसतो. म्हणून उंदरावरील निष्कर्ष हा अंदाज असतो. पुरावा मानवी चाचणीतूनच मिळतो.

जीवनसत्त्वे आणि मेळघाट :
१९२८ मध्ये ग्रीन व मेलनबी यांनी 'अ' जीवनसत्त्वाला संसर्गरोधक म्हटले. १९८७ मध्ये स्मिथ व हेस यांनी या जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या उंदरांमध्ये आयजीजी प्रतिपिंडांची निर्मिती बरीच घटते, हे दाखविले. १९९२ मध्ये इंडोनेशियातील बालकांमध्येही धनुर्वाताच्या लसीबाबत असाच परिणाम आढळला. भारतात १९७० पासून बालकांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो मुख्यतः अंधत्व टाळण्यासाठी.

अमरावती जिल्ह्यातच धारणी व चिखलदरा तालुक्यांचा मेळघाट आहे. १९९३ मध्ये तेथील कुपोषित आदिवासी बालकांच्या मृत्यूंकडे देशाचे लक्ष वेधले गेले. प्रयोगशाळेतील उंदराला मोजून मापून, सर्व घटक असलेला आहार मिळतो. त्याला जीवनसत्त्वाचा अभाव सोसावा लागतो तो प्रयोगापुरता. मेळघाटातील बालकाच्या वाट्याला तोच अभाव दारिद्र्यातून येतो. लसीकरणाची टक्केवारी सांगताना हा भेद दृष्टीआड होतो.

स्टेरॉईड :
कॉर्टिसोनसारख्या अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील शोधांबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व राइखस्टाइन यांना मिळाले. पुढच्याच वर्षी, सशांमध्ये कॉर्टिसोनमुळे प्रतिपिंडांचे प्रमाण घटते, हे प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये हेन्री क्लेमन यांनी असे मांडले की, उंदराच्या लसिकापेशी स्टेरॉईडने सहज नष्ट होतात, मानवाच्या तितक्या होत नाहीत. उंदीर हे मानवाचे हुबेहूब प्रतिरूप नव्हे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील चाचणीत डेक्सामेथासोनमुळे प्राणवायूची गरज असलेल्या कोरोना रुग्णांचे मृत्यू घटल्याचे सिद्ध झाले; सौम्य रुग्णांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचा आजार वाढला, तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉईडचा अतिरेकी वापर हेही त्याचे कारण मानले गेले.

निष्कर्ष :
१) प्रतिपिंड-प्रतिसाद हा केवळ लसीचा गुण नाही. सोबतचे द्रव्य, शरीराचे पोषण आणि घेतलेली औषधे यांवर तो अवलंबून असतो.
२) परळच्या उंदराने कैद्याची जागा घेतली, हे मोल मोठे आहे, परंतु उंदीर भुकेल्या बालकाची जागा घेऊ शकत नाही.
३) त्यामुळे वऱ्हाडातील साथींचा इतिहास लिहिताना लसींच्या नोंदींबरोबर आहाराच्या नोंदीही अभ्यासणे अगत्याचे ठरते. किती जणांना लस टोचली, या प्रश्नाइतकाच, ती टोचली त्या दिवशी त्यांच्या घरी काय शिजले होते, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.