तीन टिंबांची कुळकथा

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात हातावर काढून घेतलेली मेंदी पंधरवड्यात उडते. तिथून दोनेक किलोमीटरवर, सफदरजंग किंवा एम्समध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ‘सिकाई’, म्हणजे किरणोपचार, घ्यायला जाणाऱ्याला पंधरवडा पुरत नाही. नेहमीचा कोर्स 60 ग्रे मात्रेचा: रोज 2, आठवड्यातून 5 दिवस, 6 आठवडे. रोज हात डोक्यावर घेऊन अगदी तसंच निजायचं. म्हणून छातीवर मधोमध एक आणि दोन्ही कुशींना एकेक टिंब सुईनं गोंदतात. भिंतींतून, छतातून येणाऱ्या लेझरच्या रेघा टिंबांवर जुळल्या की माणूस जागेवर आला.

आधी खुणा शाईच्याच असत. त्या पुसू नयेत म्हणून आंघोळ बंद. एक्स-रेवर गाठीची सावली बघायची, छातीभोवती तार वाकवून तिचा आकार कागदावर उतरवायचा आणि मात्रेचा हिशेब मांडायचा. त्यात सगळं शरीर बहुधा पाण्यासारखंच धरत. स्नायूंना ते चालून जाई. फुफ्फुस मात्र बरंचसं हवाच. किरण त्यातून सहज पुढे निघून जातात आणि हिशेब चुकतो.

तोड निघाली ईएमआय या ग्रामोफोन रेकॉर्डवाल्या कंपनीत. तिथल्या गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्रावर 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. हाउन्सफील्डच्याच नावाच्या मोजपट्टीवर पाणी 0, हवा उणे 1000, फुफ्फुस उणे 800च्या आसपास. आता चित्र म्हणजे आकड्यांचं कोष्टकच. कुठे किती किरण अडणार, ते त्यावरून काढता येऊ लागलं.

पण मेंदू स्थिर, छाती हलती. छाती-पोटामधल्या श्वासपटलाजवळची गाठ श्वासागणिक दोनेक सेंटिमीटरही वरखाली होते. 2000 नंतर त्यावर चौमिती सीटी आला. पोटावर प्लास्टिकचा छोटा ठोकळा ठेवतात, कॅमेरा त्याची उठबस टिपतो आणि स्कॅन श्वासाच्या 10 टप्प्यांत वाटला जातो. दहाही टप्प्यांतली गाठ सामावेल अशी हद्द डॉक्टर आखतात.

यात टिंबाचं काम बदललं. पूर्वीची खूण ‘इथे मारा’ म्हणे. आताचं टिंब ‘इथून मोजा’ म्हणतं. पुढची मिलिमीटरची दुरुस्ती मशीनवरच रोज काढलेल्या चित्रावरून होते. काही ठिकाणी त्वचाच वाचणारे कॅमेरे आलेत. तिथे गोंदणही लागत नाही.

जुन्या बायका म्हणत, दागिने इथेच राहतात, गोंदण बरोबर येतं. हे तिळाएवढं गोंदणही जात नाही. वर्षांनी दुसऱ्या कुणा डॉक्टरनं शर्ट वर केला, तर फाइल उघडण्याआधीच त्याला कळतं: इथे एकदा किरण देऊन झालेत.