काचपट्टीवरचा थेंब : हुसैन खान ते संगणकाचा डोळा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जुन्या माणसांना 'मलेरियावाला' नक्की आठवत असेल. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. दर पंधरा दिवसांनी तो पाड्यावर यायचा. घरात कुणाला ताप येऊन गेला का, विचारायचा. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे दोन नमुने घ्यायचा, एक जाड आणि एक पातळ. भिंतीवरच्या चौकटीत तारीख टाकायचा, हातावर क्लोरोक्विनच्या कडूजहर गोळ्या ठेवायचा आणि पुढच्या घराकडं वळायचा. त्या काचपट्टीचं पुढं काय झालं, हे घरातल्यांना क्वचितच कळायचं.

आज त्याच काचपट्टीकडं संगणक पाहू लागला आहे. सूक्ष्मदर्शकाला मोबाइल जोडायचा, रक्ताचे फोटो घ्यायचे आणि त्यात हिवतापाचे जंतू आहेत का, हे यंत्राला विचारायचं. यंत्र माणसापेक्षा अचूक आहे का, यावर बरीच चर्चा होते. पण हा प्रश्न अर्धवट आहे. उरलेला अर्धा प्रश्न काचपट्टीच्या इतिहासात सापडतो.

त्याची सुरुवात अल्जेरियात होते. ६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टंटाइन शहरात अल्फोन्स लाव्हेराँ हा फ्रेंच लष्करी डॉक्टर तापानं आजारी असलेल्या सैनिकाचं रक्त तपासत होता. रक्ताला रंग दिलेला नव्हता. त्यात त्याला वळवळणारे धागे दिसले. खराब हवेमुळं हिवताप होतो, असं तेव्हा मानलं जाई. त्यामुळं बरीच वर्षं अनेक नामवंतांनी त्याचं म्हणणं मान्य केलं नाही. त्यांनीही तेच रक्त पाहिलं होतं, पण त्यांना जंतू ओळखता आला नव्हता. १८९१ च्या सुमारास रोमानोव्स्की यांच्या रंगपद्धतीनं जंतूचं केंद्रक लाल-जांभळं आणि बाकीचं शरीर निळं दिसू लागलं. तेव्हा कुठं सामान्य डॉक्टरालाही तो ओळखता येऊ लागला.

पाहणं आणि ओळखणं यांतला हा फरक इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात कैरोमध्ये 'किताब-उल-मनाजिर' या ग्रंथात मांडला होता. प्रकाश डोळ्यात शिरला म्हणजे वस्तू ओळखली असं होत नाही. आधी पाहिलेल्या वस्तूंशी तुलना करून मन निर्णय देतं, तेव्हा ओळख पटते. संगणकाचं 'शिकणं' समजून घ्यायला हे पुढं कामी येईल.

त्यानंतरचा टप्पा आपल्याच देशात, सिकंदराबादेत आला. ऑगस्ट १८९७. रोनाल्ड रॉस उकाड्यात डास चिरून तपासत होते. वाऱ्यानं डासांचे तुकडे उडतील म्हणून पंखाही बंद ठेवलेला. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. १६ ऑगस्टला त्यांनी हिवतापाचा एक रुग्ण मच्छरदाणीत झोपवला आणि त्याच्या अंगावर डास सोडले. चावलेल्या प्रत्येक डासामागं एक आणा, असा त्याचा मोबदला ठरला होता. रुग्णाचं नाव हुसैन खान. चार दिवसांनी, २० ऑगस्टला, त्यांचं रक्त प्यालेल्या डासाच्या जठरात रॉस यांना जंतूच्या काळसर कणांच्या पेशी दिसल्या. तोच दिवस आज जागतिक मच्छर दिन म्हणून पाळला जातो.

पुढच्या वर्षी रॉस कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करू लागले. तिथं डास आणि अळ्या जमवणं, पक्षी सांभाळणं हे काम मुहम्मद बक्ष हा त्यांचा मदतनीस करायचा. १९०२ साली रॉस यांना नोबेल मिळालं. ते त्यांचं हक्काचंच होतं. पण रक्त हुसैन खान यांचं होतं आणि रोजची मेहनत मुहम्मद बक्ष यांची होती. ही दोन नावं आज आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांची नोंद झाली. शास्त्राच्या इतिहासात अशी नोंद फार कमी जणांच्या वाट्याला येते.

स्वातंत्र्यानंतर काचपट्टी गावोगाव पोचली. १९४४ साली जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी स्वस्त आणि झटपट रंगपद्धत तयार केली होती. 'जेएसबी' या नावानं ती देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांत रुजली. त्या काळात देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख माणसं दगावतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, १९५८ मध्ये तिचं निर्मूलन मोहिमेत रूपांतर झालं. १९६५ मध्ये रुग्णांची नोंद सुमारे एक लाखावर आली. हिवताप आता संपलाच, असं वाटू लागलं.

तसं झालं नाही. १९७६ मध्ये ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. डीडीटीला न जुमानणारे डास आणि फवारणीत पडलेला खंड ही कारणं नेहमी सांगितली जातात. एक कारण मात्र कमी बोललं जातं. प्रयोगशाळांत न तपासलेल्या काचपट्ट्यांचे ढीग साचले होते. रक्त घेताना दिलेल्या गोळ्या तात्पुरत्या असायच्या. पूर्ण उपचार काचपट्टीचा निकाल आल्यावरच सुरू होई. व्हायवॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उलटतो. त्यासाठी प्रायमाक्विन वेगळं द्यावं लागतं. फाल्सिपेरम असेल तर थोड्या दिवसांतच जीव जाऊ शकतो. अशा वेळी निकाल काही आठवड्यांनी आला तर त्याचा उपयोग काय? १९७७ च्या सुधारित योजनेत तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणण्याचा निर्णय झाला, त्यामागं हाच धडा होता.

हे अंतर शहापूर-मुरबाडला जास्त बोचतं. शहापूरच्या तानसा तलावाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. पुढं वैतरणा आणि भातसाचंही जाऊ लागलं. शंभर किलोमीटरवरच्या शहरात पाणी रोज वेळेवर पोचतं. त्याच डोंगरातल्या पाड्यावरच्या रक्ताच्या थेंबाला मात्र तालुक्याला जाऊन परत यायला दिवस मोजावे लागायचे. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. निकाल गावात येतो, तेव्हा घराला कडी असते आणि जंतू माणसाबरोबर भट्टीवर पोचलेला असतो.

आता यंत्राकडं वळू. जंतू नाहीत असं सांगण्यापूर्वी तंत्रज्ञाला जाड नमुन्याची किमान शंभर दृश्यक्षेत्रं तपासावी लागतात. दिवसभरात असे पन्नास नमुने पाहिले की डोळा थकतो. रंगाचा कण किंवा पेशीवर बसलेली प्लेटलेटही जंतूसारखी दिसू लागते. यंत्र थकत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

पण ते ओळखायला शिकतं कसं? या क्षेत्रात जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध संग्रहात तांबड्या पेशींची २७,५५८ चित्रं आहेत, निम्मी जंतूंची आणि निम्मी निरोगी. ती बांगलादेशातल्या चितगाव मेडिकल कॉलेज रुग्णालयातल्या फाल्सिपेरमच्या १५० रुग्णांच्या आणि ५० निरोगी माणसांच्या रक्ताची आहेत. सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या मोबाइलनं ती टिपली. बँकॉकमधल्या एका अनुभवी तपासनिसानं पेशींवर खुणा केल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं संग्रह सर्वांसाठी खुला केला. म्हणजे यंत्राची नजर ही माणसानं आधी ओळखलेल्या हजारो पेशींची आठवण आहे. इब्न अल-हैसम यांनी सांगितलेली तुलनाच इथं आकड्यांनी होते. आठवणीत चूक असेल तर ओळखही चुकते. या संग्रहातल्या काही खुणा चुकल्याचं पुढं इतर संशोधकांना आढळलंही.

म्हणूनच चितगावात गिएम्सा रंगावर आणि फाल्सिपेरमवर शिकलेलं यंत्र शहापूरच्या जेएसबी रंगाच्या काचपट्टीवर, व्हायवॅक्सच्या जंतूसमोर, मळकट भिंगाखाली तेवढंच चालेल, असं गृहीत धरता येत नाही. त्याला इथल्या काचपट्ट्या दाखवाव्या लागतील आणि त्यांवर खुणा करायला इथलेच तंत्रज्ञ लागतील. यंत्र आलं म्हणून तंत्रज्ञाची जागा रिकामी ठेवली, तर यंत्राची चूक पकडणारं कुणीच उरणार नाही. आशाताईंकडं आज झटपट चाचणीची पट्टी आहे. तिनं गावातच निकाल मिळतो, हा मोठा बदल आहे. पण फाल्सिपेरम ओळखणारी पट्टी रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवडे 'आहे' म्हणत राहू शकते. औषध लागू पडलं का, हे पाहायला काचपट्टीच लागते.

म्हणून असं यंत्र आपल्या तालुक्यात आलं तर त्याच्या अचूकतेची टक्केवारी जरूर विचारावी. पण आधी विचारावं की बोट टोचल्यापासून योग्य गोळी हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, आणि माणूस भट्टीवर गेला असेल तर गोळी त्याच्यामागं गेली का. १९७० च्या दशकात काचपट्ट्या ढिगात पडून राहिल्या. उद्या फोटो संगणकात पडून राहिले, तर तापलेल्या माणसाला दोन्ही सारखंच.

हुसैन खान यांना निदान डासामागं एक आणा मिळाला आणि त्यांचं नाव इतिहासात राहिलं. चितगावच्या त्या दीडशे जणांची नावं आपल्याला माहीत नाहीत. रुग्णाची ओळख झाकलेली राहावी, हे योग्यच आहे. उद्या मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरचं रक्त अशाच एखाद्या यंत्राला शिकवील. त्याचं नावही झाकलेलंच असावं, पण निकाल आणि औषध मात्र त्याच्या घरापर्यंत पोचायला हवं.