कणाची वाट आणि साक्षीचा प्रश्न

इंदूरच्या भंवरकुआं चौकात उभे राहून आम्ही एखाद्या वाटसरूस ‘कोणत्या रस्त्याने आलात?’ असे विचारले, तर तो एकाच रस्त्याचे नाव सांगेल. तेथून खंडवा मार्गाने पुढे गेले की देवी अहिल्या विश्वविद्यालय लागते. तेथे भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांस मात्र हाच प्रश्न प्रकाशकणाविषयी विचारताना अडखळावे लागते.

किरण दुभंगून दोन वाटांनी नेला आणि पुन्हा एकत्र आणला, म्हणजे उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. १९२७ साली ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन यांनी सुचविले, की फटीला बसलेल्या धक्क्यावरून कणाची वाट ओळखावी. बोर उत्तरले, की धक्का इतक्या सूक्ष्मतेने मोजू गेल्यास फटीचे स्थानच अनिश्चित होते व पट्टे पुसले जातात. १९८६ साली फ्रान्समध्ये ग्रँजियर, रोजे व आस्पे यांनी एकेक प्रकाशकण सोडून पाहिला. वाटांवर शोधक ठेवले, तेव्हा कण एकाच वाटेवर सापडला. वाटा पुन्हा जुळविल्या, तेव्हा पट्टे उमटले.

१९९८ साली जर्मनीतील कॉन्स्टान्झ येथे रेम्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूच्या अंतःस्थितीतच त्याच्या वाटेची खूण उमटविली. धक्का नगण्य होता, ती खूण कोणी वाचलीही नाही. तरी पट्टे लोपले.

‘द्रष्ट्यावाचून दृश्य नाही’ याचा पुरावा म्हणून असे प्रयोग सांगण्याचा मोह आपल्या व्याख्यानांतून होतो. आम्हांस तो उचित वाटत नाही. येथे मनाची गरज पडली नाही. अणूतील नोंद पुरेशी ठरली. वेदान्त स्वतःच्या अधिकारावर उभा आहे. त्यास प्रयोगशाळेची उसनी साक्ष कशाला हवी?